टपालाची बंदूक आणि दुकानची बंदूक

सन १९६३ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस अमेरिकेंतील डॅलस शहरांतून शिकागोच्या एका व्यापारी पेढीकडे एक पाकीट रवाना झालें. पाकिटांत मासिकांतील जाहिरातींतून कापून काढलेलें मागणीपत्र होतें आणि सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनिऑर्डर होती. मागणी होती एका जुन्या इटालियन लष्करी रायफलीची. तिच्यावर नेम धरण्यासाठीं लहानशी दुर्बीण बसविलेली होती. १९ डॉलर ९५ सेंट मालाचे आणि दीड डॉलर टपालहंशील व बांधणावळीचा, असा चोख हिशेब होता. मागणी करणाराचें नांव 'ए. हिडेल' असें होतें आणि पत्ता म्हणजे टपालकचेरींतील भाड्यानें घेतलेली एक पेटी. आठ दिवसांनीं, २० मार्च रोजीं, शिकागोच्या क्लाइन्स नांवाच्या पेढीनें माल रवाना केला. विकणारानें घेणाराचें तोंड पाहिलें नाहीं, घेणारानें विकणाराचें दुकान पाहिलें नाहीं. आणि अशा विक्रीला त्या काळच्या कायद्याची कांहीं हरकतही नव्हती.

हिडेल नांवाचा कोणी मनुष्य वस्तुतः नव्हताच. तें नांव ली हार्वी ऑस्वाल्ड यानें धारण केलें होतें. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबर रोजीं डॅलसमध्यें अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तो याच रायफलीनें, असा वॉरन आयोगाचा निर्णय आहे.

हिंदुस्थानांतील सुशिक्षित माणसास ही हकीकत विलक्षण वाटेल. आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यापासून, आणि स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्यानेंही, आधीं सरकारी परवाना आणि मग बंदूक असाच क्रम चालत आला आहे. शिलाईचें यंत्र किंवा घड्याळ मागवावें तशी बंदूक टपालानें मागवितां येते, ही कल्पनाच आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. परंतु अमेरिकेंत ही रीति एका दिवसांत निर्माण झाली नाहीं, आणि ती बंद करण्याचा प्रयत्नही एका दिवसांत सफल झाला नाहीं. दूरच्या पेढीकडून शस्त्र मागवावें कीं गांवच्या दुकानांतून घ्यावें, हा प्रश्न त्या देशांत शंभर वर्षांहून अधिक काळ वेगवेगळीं रूपें घेऊन पुनः पुनः उभा राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेचा शेतकरी विस्तीर्ण मुलखांत विखुरलेला होता. शेजारचें घर मैलावर आणि दुकान त्याहूनही दूर. दुकान एकच असल्यामुळें दुकानदार मागेल ती किंमत द्यावी लागे. ही अडचण ओळखून माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ मध्यें शिकागोहून टपालानें माल विकण्याचा धंदा सुरू केला. त्याच्या मागोमाग सीअर्स-रोबक ही पेढी आली. त्यांचीं जाडजूड सचित्र सूचिपत्रें घरोघर गेलीं. त्यांत नांगर होते, चुली होत्या, कापडचोपड होतें, आणि त्याच ओळींत बंदुका व रिव्हॉल्व्हरेंही होतीं. १९१३ पासून सरकारी टपालानें पार्सलें नेण्याची मोठी सोय केल्यावर या व्यापारास भरतीच आली.

गांवोगांवचे दुकानदार अर्थातच संतापले. कित्येक ठिकाणीं त्यांनीं लोकांकडून हीं सूचिपत्रें गोळा करवून त्यांची होळी केली. त्यांच्या रागांत स्वार्थ होता हें उघड आहे. परंतु बंदुकीपुरतें बोलावयाचें तर त्यांच्या बाजूनें एक खरी गोष्टही होती. गांवचा दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो. अमक्याला कोल्ह्यांच्या उपद्रवासाठीं बंदूक हवी आहे आणि तमका काल गुत्त्यांत कोणाच्या जिवावर उठला होता, हें त्याला ठाऊक असतें. सूचिपत्राला तें ठाऊक नसतें. शेतकऱ्याचें म्हणणेंही तितकेंच खरें होतें. बंदूक हें त्याच्या घरचें अवजार होतें; १७९१ मध्यें राज्यघटनेला झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केलेला होता; मग तें स्वस्त मिळत असतां महाग कां घ्यावें? या दोन खऱ्या बाजूंमधूनच पुढील सारा इतिहास घडला.

शहरें वाढलीं तसा प्रश्न पालटला. शेतावरची लांब बंदूक आणि खिशांत लपणारें पिस्तूल यांत लोक भेद करूं लागले. न्यूयॉर्क राज्यानें १९११ मध्यें, सलिव्हन यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा करून लपवितां येणाऱ्या शस्त्रांस परवाना लागू केला. परंतु एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यांतील पेढीवर चालत नसे. न्यूयॉर्कचा दुकानदार परवाना मागतो, तर परराज्यांतून टपालानें मागवावें, ही पळवाट राहिलीच. ती बुजविण्यासाठीं १९२७ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें, प्रतिनिधि मिलर यांच्या पुरस्कारानें, सामान्य नागरिकास सरकारी टपालांतून पिस्तूल पाठविण्यास बंदी केली. कायदा चांगला दिसत होता. त्यांत उणीव एवढीच होती कीं, त्यानें फक्त टपालाचें दार लावलें. खासगी एक्स्प्रेस कंपन्या रेल्वेनें पार्सलें नेत, त्यांना तो लागू नव्हता. पिस्तुलें दारांतून येत होतीं तीं खिडकींतून येऊं लागलीं.

पुढें गुन्हेगार टोळ्यांच्या धुमाकुळामुळें १९३४ मध्यें मशीनगनसारख्या शस्त्रांवर दोनशें डॉलरांचा जबर कर बसला. १९३८ च्या कायद्यानें शस्त्रविक्रेत्यांना केंद्र सरकारचा परवाना घ्यावयास लावलें. विक्रेत्याच्या परवान्याची फी वर्षाला अवघा एक डॉलर होती! शिक्षा झालेल्या गुन्हेगारास किंवा फरारी इसमास जाणूनबुजून शस्त्र पाठवूं नये, असेंही त्या कायद्यांत होतें. पण 'जाणूनबुजून' या एका शब्दांत सारें आलें. शेंकडों मैलांवरच्या विक्रेत्यास जाणून घेण्याचें साधन काय? गिऱ्हाइकानें कागदावर लिहून दिलें तेंच खरें.

या व्यवस्थेचें पोकळपण ऑस्वाल्डच्या दुसऱ्या खरेदींत जितकें दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसेल. रायफलीच्या आधीं त्यानें लॉस एंजलिसच्या एका पेढीकडून टपालानें रिव्हॉल्व्हर मागविलें होतें. किंमत २९ डॉलर ९५ सेंट. दहा डॉलर आगाऊ आणि बाकीची रक्कम, आपल्याकडील व्ही. पी. सारखी, माल हातीं पडतांना द्यावयाची होती. १९२७ च्या कायद्यामुळें हें रिव्हॉल्व्हर टपालानें येऊं शकत नव्हतें. म्हणून तें रेल्वे एक्स्प्रेसनें आलें. मागणीपत्रावर 'मी अमेरिकन नागरिक आहें, मला गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली नाहीं' अशा अर्थाचें निवेदन होतें आणि खालीं साक्षीदाराच्या सहीसाठीं जागा होती. निवेदनावर हिडेलची सही होती व साक्षीदार म्हणून 'डी. एफ. ड्रिटल' नामक गृहस्थाची. पुढें हस्ताक्षरतज्ज्ञांनीं तपासून सांगितलें कीं, हिडेल आणि ड्रिटल हे दोघेही एकच. दोन्ही सह्या ऑस्वाल्डच्या हातच्या! अध्यक्षांच्या खुनानंतर थोड्याच वेळानें एका पोलिस अधिकाऱ्याचा बळी पडला तो याच रिव्हॉल्व्हरनें, असें आयोगानें नमूद केलें आहे.

हा धोका कोणाच्याच लक्षांत आला नव्हता असें मात्र नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील सैन्यांच्या टाकाऊ रायफली ढिगांनीं अमेरिकेंत येऊन मातीमोलानें विकल्या जात होत्या. कनेक्टिकटचे सेनेटर टॉमस डॉड हे बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष असतां, टपालानें येणारीं पिस्तुलें पोरासोरांच्या हातीं कशीं पडतात, याचा पुरावा त्यांच्यापुढें आला होता. त्यांनीं १९६३ च्या ऑगस्टमध्येंच एक विधेयक आणलें. अध्यक्षांच्या खुनानंतर आठवड्याच्या आंतच त्यांनीं त्यांत रायफलींचाही समावेश केला. डॉड यांच्या राज्यांत बंदुकांचे मोठे कारखाने होते आणि स्वस्त परदेशी मालानें त्या कारखान्यांचें नुकसान होत होतें, हें विरोधकांनीं बोलून दाखविलें. सार्वजनिक हित आणि व्यापारी हित येथेंही एकमेकांत मिसळलेलें होतें. शिकारी आणि दूर मुलखांतील शेतकरी यांचा विरोध निराळ्या कारणानें होता. एका माथेफिरूच्या अपराधापायीं आमची सोय कां जावी, सुक्याबरोबर ओलें कां जळावें, असा त्यांचा सवाल होता. विधेयक जवळजवळ पांच वर्षें खोळंबून राहिलें.

नंतर १९६८ सालीं दोन महिन्यांच्या अंतरानें आणखी दोन खून झाले, आणि इतिहासानें जणूं या वादाचें दुसरें व तिसरें प्रकरण लिहिलें. ४ एप्रिल रोजीं मेम्फिस येथें मार्टिन लूथर किंग यांस गोळी लागली. मारेकरी जेम्स अर्ल रे हा मिसूरीच्या तुरुंगांतून पळालेला कैदी होता. त्यानें रायफल टपालानें आणविली नव्हती. अलाबामा राज्यांतील बर्मिंगहॅम शहरीं एका दुकानांत तो स्वतः गेला, खोट्या नांवानें रायफल घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः येऊन ती बदलून दुसरी नेली. दुकानदारानें त्याचें तोंड एकदां नव्हे, दोनदां पाहिलें होतें! ५ जून रोजीं लॉस एंजलिस येथें सेनेटर रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचें निधन झालें. तें लहानसें रिव्हॉल्व्हर १९६५ मध्यें, वॉट्स भागांतील दंगलींच्या दिवसांत, एका वृद्ध गृहस्थानें घरच्या रक्षणासाठीं रीतसर विकत घेतलें होतें. तें त्यांच्या मुलीकडे गेलें, तिच्याकडून शेजारच्या तरुणाकडे, आणि त्यानें तें मारेकऱ्याच्या भावास २५ डॉलरांस विकलें. ना टपाल, ना दुकान. हातोहात झालेला सौदा.

तीन खून आणि तीन वाटा. पहिल्या वाटेनें विक्रेत्यास गिऱ्हाईक दिसलेंच नाहीं. दुसऱ्या वाटेनें दिसलें, पण तें कोण हें कळलें नाहीं. तिसऱ्या वाटेवर विक्रेता म्हणावा असा कोणी नव्हताच. गांवच्या दुकानदाराची ओळख ही लहान गांवांतली गोष्ट होती. लाखों वस्तीच्या शहरांत समोर उभा राहिलेला मनुष्यही टपालानें लिहिणाऱ्या माणसाइतकाच परका असतो. ही गोष्ट तिन्ही घटना एकत्र पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

बैल गेला आणि झोपा केला, अशा रीतीनें अखेर कायदा झाला. १९६८ च्या जूनमध्यें पिस्तुलांपुरता आणि २२ ऑक्टोबर रोजीं रायफली व बंदुका धरून. एका राज्यांतील विक्रेत्यानें दुसऱ्या राज्यांतील सामान्य गिऱ्हाइकास परस्पर शस्त्र पाठविणें बंद झालें. परराज्यांतील वस्तु हवीच असेल तर ती गिऱ्हाइकाच्या राज्यांतील परवानेदार दुकानदाराकडे यावी आणि त्यानें ती विधिपूर्वक हवालीं करावी, असा मार्ग ठरला. सूचिपत्रानें ज्याला मागें टाकलें होतें त्या दुकानदाराला कायद्यानें पुनः द्वारपाल नेमलें. अध्यक्ष जॉन्सन यांना प्रत्येक शस्त्राची नोंद आणि प्रत्येक बाळगणारास परवाना हवा होता. तें काँग्रेसनें मान्य केलें नाहीं, याची खंत त्यांनीं सही करतांना बोलून दाखविली.

या कायद्यानें पहिली वाट बुजली. दुसऱ्या वाटेवर एक छापील कागद आला. गिऱ्हाइकानें ४४७३ क्रमांकाच्या त्या नमुन्यावर आपण गुन्हेगार नाहीं, फरारी नाहीं, असें लिहून सही करावी आणि ओळखीचा दाखला दाखवावा. पण लिहिलेलें खरें कीं खोटें हें पडताळण्याचें साधन दुकानदारापाशीं नव्हतेंच. द्वारपाल नेमला, पण त्याच्या हातीं कंदील दिला नाहीं! १९८० च्या ऑक्टोबरमध्यें जॉन हिंक्ली यास नॅशव्हिलच्या विमानतळावर पिस्तुलांसह पकडण्यात आलें आणि तीं जप्त झालीं. त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत डॅलसमधील एका गहाणवटीच्या दुकानांत जाऊन, नमुन्यावर खोटा पत्ता लिहून, त्यानें दुसरें रिव्हॉल्व्हर घेतलें. ३० मार्च १९८१ रोजीं त्यानेंच अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. रेगन वाचले, त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी जन्माचे पंगु झाले.

ब्रेडी आणि त्यांची पत्नी सारा यांनीं पुढें अनेक वर्षें चिकाटीनें चळवळ केली. तिचें फळ १९९३ च्या नोव्हेंबरमध्यें कायद्याच्या रूपानें आलें. प्रथम पिस्तुलासाठीं पांच दिवसांची मुदत ठेवण्यांत आली. आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून अशी व्यवस्था झाली कीं, दुकानदारानें दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून केंद्रीय गुप्तचर खात्याकडे विचारणा करावी आणि गिऱ्हाइकाचा पूर्वेतिहास तपासून उत्तर यावें. द्वारपालाच्या हातीं कंदील आला तो असा, तीस वर्षांनीं. त्या कंदिलालाही काजळी धरते. तीन कामाच्या दिवसांत उत्तर न आल्यास दुकानदारास माल देण्याची मुभा आहे. २०१५ मध्यें चार्ल्सटन येथील प्रार्थनामंदिरांत नऊ जणांचे प्राण घेणाऱ्या तरुणास पिस्तूल मिळालें तें याच फटींतून. तपासणींत आपली चूक झाली, असें त्या खात्याच्या प्रमुखांनींच कबूल केलें.

नेमका हा कंदील पेटत होता त्याच सुमारास इंटरनेटचा प्रसार झाला, आणि मागें पडलेलें सूचिपत्र नव्या रूपानें घरोघर परत आलें. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अमेरिकेंत इंटरनेटवर किंमत भरली कीं बंदूक सरळ घरीं येते, असें पुष्कळांना वाटतें. परवानेदार विक्रेत्याकडून घेतलेल्या शस्त्राविषयीं तें खरें नाहीं. सौदा हजार मैलांवर ठरला तरी माल येतो तो गिऱ्हाइकाच्या राज्यांतील परवानेदार दुकानदाराकडे. तेथें जाऊन नमुना भरावा लागतो, तपासणी व्हावी लागते, आणि दुकानदार आपल्या श्रमाची फी घेऊन वस्तु हातांत देतो. ज्या दुकानदाराच्या आजोबांनीं सूचिपत्रांची होळी केली असेल, त्याचा नातू आज दूरच्या पेढीच्या मालावर हंशील मिळवितो. स्वस्ताईही राहिली आणि चौकशीही राहिली, असा हा मध्यम मार्ग आहे.

राहिली ती तिसरी वाट. एकाच राज्यांतील दोन खासगी माणसांनीं आपसांत केलेल्या सौद्यास केंद्राच्या कायद्यानें तपासणी आवश्यक केलेली नाहीं. कांहीं राज्यांनीं मात्र ती आपल्यापुरती केली आहे. पूर्वीं असा सौदा शेजारीपाजारीं होई. इंटरनेटनें सारें राज्य शेजार करून सोडलें. कांहीं मोठ्या कंपन्यांनीं हा व्यवहार आपण होऊन बंद केला. ईबेनें १९९९ मध्यें, फेसबुकनें २०१६ मध्यें. इतरांनीं तो चालू ठेवला. विस्कॉन्सिन राज्यांत २०१२ च्या ऑक्टोबरमध्यें एका इसमास, त्याच्या पत्नीला असलेल्या धोक्यामुळें, न्यायालयानें शस्त्र बाळगण्याची मनाई केली. दुकानांत गेला असता तर तपासणींत ही मनाई आड येणार होती. त्यानें इंटरनेटवरील जाहिरातींतून खासगी विक्रेता शोधला, एका वाहनतळावर पिस्तूल रोखीनें घेतलें, आणि मनाईहुकमापासून तीन दिवसांत पत्नीसह तीन स्त्रियांचे प्राण घेतले. जाहिरात छापणाऱ्या मंडळीवर दावा चालला. परंतु २०१९ मध्यें त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, दुसऱ्यांच्या मजकुराबद्दल त्यांना केंद्राच्या कायद्यानें जबाबदार धरतां येत नाहीं, असा निकाल दिला.

यांत आणखी एका वाटेची भर पडली. पूर्ण बंदूक दुकानांतूनच घ्यावी लागते ना, मग अर्धवट घडविलेले भाग पार्सलानें घरीं मागवावे आणि तेथें जुळवावे! अशा बंदुकीवर क्रमांक नसतो, म्हणून तिचा माग लागत नाहीं. १९२७ मध्यें टपाल आणि एक्स्प्रेस यांतील भेदाचा जसा फायदा घेतला गेला तसाच येथें 'बंदूक' आणि 'बंदुकीचे भाग' यांतील भेदाचा. २०२२ मध्यें सरकारनें असे संचही बंदुकीच्या व्याख्येंत आणण्याचा नियम केला, आणि २०२५ च्या मार्चमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो सात विरुद्ध दोन मतांनीं उचलून धरला.

या सर्व इतिहासांतून टपाल वाईट आणि दुकान चांगलें असा सोपा बोध काढतां येत नाहीं. किंग यांची रायफल दुकानांतूनच आली होती. रेगन यांच्यावर झाडलेलें रिव्हॉल्व्हरही दुकानांतलेंच. उलट इंटरनेटवर घेतलेली आणि दुकानांत तपासणी होऊन हातीं आलेली बंदूक त्या जुन्या दुकानच्या बंदुकीपेक्षां अधिक पारखून दिलेली असते. दोष अंतराचा नाहीं. वस्तु कारखान्यांतून निघून माणसाच्या हातीं पडेपर्यंत वाटेंत कोठें तरी 'तूं कोण?' असें विचारणारा कोणी उभा आहे कीं नाहीं, आणि मिळालेलें उत्तर पडताळण्याचें साधन त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं, एवढाच खरा प्रश्न आहे. तो विचारला जावा म्हणून सज्जन शिकाऱ्यालाही दोन घटका थांबावें लागतें. ती तोशीस खरी आहे. पण ज्या व्यवहारांत खरेदी करणाराच आपला साक्षीदार होतो आणि हिडेलच्या खालीं ड्रिटल म्हणून सही ठोकतो, त्या व्यवहाराची किंमत २९ डॉलर ९५ सेंटांत भागत नाहीं, हें त्या देशानें फार मोठी नुकसानी सोसून शिकलें आहे.